कुठल्या नात्याने हाक मारायची

आमच्या गुहेत खोदायला अकरा जण होते, पण हाड दिसलं की सगळे एकाच माणसाला हाक मारायचे. "एलाच्या बापा, ये इकडे!"

त्याचं खरं नाव कानिसियुस जेमादू. पण इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या या डोंगरात पहिलं मूल झालं की आईबापांची नावं मागे पडतात, ती कायमचीच. एला पाच वर्षांपूर्वी गेली, चार वर्षांची होऊन. हाक मात्र राहिली. दिवसातून पन्नास वेळा लोक त्याला तिच्या नावाने बोलावत आणि पन्नास वेळा तो मुकाट्याने ओ देई.

बोलायला कमी आणि हाताला हलका असा हा माणूस. त्या गुहेत खोल गेलं की हाड ओल्या बिस्किटासारखं असतं, लोखंड लागलं की पीठ. म्हणून कानिस बांबूच्या काड्या स्वतः तासून आणायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. हाड उघडं पडलं की त्यावर नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश थेंब थेंब सोडायचा, म्हणजे ते घट्ट धरतं. ही युक्ती जकार्ताहून जुन्या हाडांचा अभ्यास करायला आलेल्या डॉक्टर विदातीबाईंची. बाटल्या कानिसनेच रुतेंगच्या बाजारातून आणायच्या, आणि त्याची बायको मीना कॉफी भाजता भाजता म्हणायची, "मेलेल्यांची नखं रंगवून झाली की जितीकडेही बघ जरा."

एला तापाने गेली, रुतेंगच्या दवाखान्यात. कानिस औषध आणायला गेला होता, मीना खाली पाणी भरायला. दोघं वर आली तेव्हा खाटेवरचं पोर थंड झालं होतं. जाताना जवळ कुणी नव्हतं, हे एक दुःख. त्याहून मोठं दुसरं. तिचे दोन्हीकडचे आजी-आजोबा जिवंत होते, अजूनही आहेत, चौघंही ठणठणीत, पान चघळत ओट्यावर बसलेले. म्हणजे पलीकडे तिला चेहऱ्याने ओळखणारं कुणीच नव्हतं. कानिसची आई छाती बडवून म्हणाली होती, "पाळी माझी होती, मेल्या मरणाला रांगसुद्धा धरता येत नाही." तेव्हापासून कानिसच्या मनात एकच चित्र होतं: अनोळखी अंगणात उभं असलेलं आपलं पोर, आणि त्याला घरात घेणारं कुणी नाही.

जुलैत, सहा मीटर खाली, त्याच्या काडीला मांडीचं हाड लागलं. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल, एवढंच. मग छोट्या नारळाएवढी कवटी. कानिसने काडी खाली ठेवली. "लेकरू आहे," तो म्हणाला.

डॉक्टरबाई त्या दिवशी रुतेंगला गेल्या होत्या, तीन दिवस येणार नव्हत्या. आमच्याकडे मात्र मेलेलं माणूस मातीतून वर आलं की तीन दिवस थांबत नाहीत. ज्याच्या हाताला लागलं त्याने ऊन उतरायच्या आत त्याला नात्याने हाक मारायची आणि जेवू घालायचं. नातं नसेल तर जोडायचं; बिननात्याचा मेलेला माणूस पानावर येत नाही. कानिस धावतच गावचे वडीलधारे एम्पो बेनी यांच्याकडे गेला. पांढरा कोंबडा आणला, एम्पोंनी त्याची आतडी निरखून मान डोलावली. कानिसने काळजाचे बारीक बारीक तुकडे केले. भात बोटांनी कुस्करून मऊ केला, एलाला करायचा तसा, आणि खड्ड्याच्या काठावर बसून, लेकीला मारतात तीच हाक मारून म्हणाला, "एनू, माझ्या पोरी, खा. आजपासून तू आमची. तिकडे आमची एला आहे, चार वर्षांची. एकटी आहे. तिच्याकडे जा, तिच्याशी खेळ."

त्या संध्याकाळी पाच वर्षांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला. मीनाने पाहिलं आणि त्याला आणखी भात वाढला.

डॉक्टरबाई आल्या, खड्ड्यात उतरल्या आणि जबडा हातात घेऊन दात मोजू लागल्या. दोन दिवस ब्रशने साफ करत बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना ताडपत्रीखाली बोलावलं.

"हे मूल नाही," त्या म्हणाल्या. "अक्कलदाढा आल्यात आणि झिजल्याही आहेत. ही बाई आहे. तिशीची असेल. एवढीच होती ती, एवढीच राहणार होती."

कुणीतरी फिसकन हसलं. "एलाच्या बापा, बाईमाणसाला कुस्करून भात भरवलास की रे!" सगळे हसले. कानिसचे कान तापले. मोठ्या बाईला 'पोरी' म्हणालो, खेळायला धाडलं! आमच्याकडे जित्या बाईला असं बोललं तर तिचे भाऊ काठ्या घेऊन येतील.

पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. "आणि ही आपल्यातली नाही. म्हणजे माणूस म्हणतो ना आपण, त्या जातीची नाही. दुसरीच जात. होती, संपली."

हसणं तिथल्या तिथे थांबलं. एम्पो बेनी काठी टेकत उठले. ऐंशीच्या वर वय, पण आवाज ढोलासारखा. "म्हणजे जनावर? मी जनावराला पूर्वजांच्या पानावर बसवलं?" ते कानिसकडे वळले. "कोंबडा तू आणलास, हाक तू मारलीस. उद्या सकाळी दुसरा आण. दिलेली हाक मागं घ्यायची. एलापासून त्या जनावराला हाकलायचं."

कानिसला एम्पोंचा राग ऐकूच आला नाही. त्याच्या डोक्यात एकच घण पडत होता: मी माझ्या लेकराकडे काय पाठवलं?

सगळे पांगले तरी तो तिथेच उभा होता. शेवटी त्याने विचारलं, "इबू," बाईंना सगळे असंच म्हणत, "ती चावते का?"

डॉक्टरबाई दचकल्या. मग त्याचा चेहरा बघून खोक्यावर बसल्या. "कानिसदादा, ते हाडावरून नाही सांगता येत मला."

"मग काय सांगता येतं?"

"तिला दूध पाजणारी आई होती. तिला कडेवर घेऊन कुणीतरी फिरलं असणार, नाहीतर ती तीस वर्षं जगलीच नसती. आणि खूप मागं गेलं, आईची आई, तिची आई, असं मोजत मोजत, तर तिची आणि तुमची आजी एकच निघते."

"मग ती जनावर कशी?"

"मी जनावर म्हटलंच नव्हतं. एम्पो म्हणाले."

कानिसने बराच वेळ विचार केला. या माणसाचा विचार असाच, खोदल्यासारखा, थर थर उतरत जाणारा. "मग अशी कुठली आई झाली," तो म्हणाला, "जिनं आपल्याहून वेगळ्या जातीचं मूल जन्माला घातलं? रेघ कुठं आहे, ती दाखवा."

"नाहीये. तशी आई कधी झालीच नाही. प्रत्येकीला आपलं मूल आपल्यासारखंच दिसलं. रेघ आपण मारतो, नंतर, मोजायला सोपं जावं म्हणून."

"आणि त्या आजीच्याही मागं गेलं तर?"

"आणखी नातलग भेटतील."

"माकडं?"

"तीसुद्धा," बाई म्हणाल्या.

कानिस आपल्या बोटाकडे बघू लागला. गेल्या साली मक्याच्या शेतात त्याने गोफणीने एक माकडीण मारली होती. पिल्लू पोटाला घट्ट धरून होतं, सोडेचना. सोडवताना त्याचं बोट कानिसच्या बोटाभोवती आवळलं होतं, एलाचं आवळायचं तसंच. त्याने ते झटकून टाकलं होतं. मका वाचवायला नको का? मारतात सगळेच. आता मात्र तो गुहेबाहेर गेला आणि पाणी ओतून ते बोट पुन्हा पुन्हा धुवू लागला. एवढ्या शिकलेल्या बाई, पण त्यांनी त्याच्या हातात काय दिलं याचा त्यांनाही पत्ता नव्हता.

घरी मीना मका सोलत होती. त्याने उंबऱ्यावर बसूनच सगळं सांगितलं, अडखळत, मधले शब्द गिळत. "मी खेळगडी म्हणून धाडलं," तो शेवटी म्हणाला, "आणि कोण गेलंय तिच्याकडे ते मलाच ठाऊक नाही. मी तिचं वाटोळं केलं, मीना."

मीनाचा हात थांबला. तिने विचारलं, "मोठी होती ना?"

"तिशीची. दाढा झिजलेली."

"बाई?"

"बाई."

"आणि लहानपणी तिला कुणी कडेवर घेतलं होतं?"

"इबू तसं म्हणाल्या."

मीनाने मक्याचं कणीस खाली ठेवलं, कमरेची सारोंग झटकली आणि ती निघाली. कानिस तिच्यामागे. एम्पो बेनी ओट्यावर पान कुटत होते.

"एम्पो, उद्याचा कोंबडा नाही आणायचा आम्ही."

"तू कोण सांगणार?"

"एलाची आई." ती ओट्यासमोरून हलली नाही. "पाच वर्षं माझं पोर तिकडं एकटं आहे. याने पोरगी धाडली असती तर दोन एकट्या पोरी झाल्या असत्या. मोठी बाई गेली आहे. मोठ्या बाईला पोर सांभाळता येतं. तिला हाकलू नका."

"अगं, पण कुठल्या नात्यानं?" एम्पोंनी बत्ता आपटला. "नातं नाही तर हाक नाही. रीत आहे ती, माझ्या घरची नाही."

"माझ्या बाजूची धरा."

"तुझ्या?"

"माझ्या माहेरी सगळे बुटकेच. माझ्या आत्याला मोजायला दोनदा साहेब आले होते फूटपट्टी घेऊन. तिची उंची बघून तेही तोंडात बोट घालून गेले. एक बहीण आणखी बुटकी निघाली म्हणून माहेर काही नाकारणार नाही."

एम्पोंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी पानाचा विडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "कोंबडा लागेलच. हाकलायला नाही. नातं बदलतंय, ते तिला सांगायला नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हाडांची पेटी जकार्ताला जायला गाडीत चढली होती. ड्रायव्हर घाई करत होता; डॉक्टरबाईंनी त्याला गप्प केलं. कानिस पेटीसमोर उकिडवा बसला. अजूनही त्याचा चेहरा भूत पाहिल्यासारखाच होता. काळजाचा तुकडा त्याने या वेळी अख्खा ठेवला, भात मोकळा वाढला, पान-सुपारी ठेवली, जाणत्या बाईला ठेवतात तशी.

"एलाच्या मावशी," त्याने हाक मारली, "चुकलं माझं. पोरगी समजलो. जेवा."

मग त्याने पिशवीतून नारळाच्या करवंटीची लहान वाटी काढली. तिच्यात कुस्करलेला भात होता. ती त्याने पानाशेजारी सरकवली.

"आणि हे तिचं," तो म्हणाला. "तेवढं भरवा तिला. अजून आपल्या हातानं नीट खात नाही ती."