चौघांचं धरण

माझ्या चुलत सासऱ्यांनी आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाचं ऐकलं नाही. पाथरीच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं हॉटेल होतं, पण आपल्याला काय खायचंय हे गिऱ्हाइकाला कळतं, यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. भजी मागणाऱ्याला ते भजी देत, पण चेहरा असा करत की माणसानं माफी मागून खावीत.

उमेदीची वर्षं त्यांनी धरणाच्या कामावर मुकादमी केली होती आणि तिथल्या हैदराबादी खानसाम्याकडून डबल का मीठा शिकून घेतला होता. हॉटेल काढल्यावर या दोन्ही विद्या त्यांनी एकाच परातीत कामाला लावल्या. तुपात तळून पाकात मुरवलेल्या पावाच्या तुकड्यांची गोल भिंत, भिंतीला बाहेरून जिलब्यांचा टेकू, आत काठोकाठ रबडी, वर काजू, चारोळी आणि चांदीचा वर्ख. याचं नाव धरण. रचून झालं की काका दोन पावलं मागे सरकून, एक डोळा मिटून भिंत सरळ आहे का ते बघत. धरण फक्त चौघांना मिळे. चौघांनी परातीभोवती बसायचं, आपापल्या बाजूनं चमच्यानं भिंत फोडायची, आणि रबडी जिकडे धावेल तिकडच्याचं नशीब.

तिघंच असले तर चौथा माणूस काका स्वतः शोधून आणत. एकदा त्यांनी बोरीला निघालेल्या एका गृहस्थाला चालू गाडीतून पिशवीसकट उतरवलं होतं. तो बिचारा ओरडतोय, "अहो, माझी गाडी चाललीय!" आणि काका त्याचा दंड धरून सांगतायत, "गाडी सांजच्याला बी हाय. हितं एक माणूस कमी पडायलाय!" एसटीतून उतरलेल्यांना एकमेकांची आडनावं विचारायला वेळ नसे, आणि काका तर कधीच विचारत नसत. त्या परातीत कुणाकुणाचे चमचे एकत्र फिरले, याचा गावानं हिशेब केला नाही, म्हणूनच ते चाललं.

मग नामांतराची दंगल झाली. हॉटेल काही दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा जुनीच गिऱ्हाइकं आली, पण बसण्याआधी शेजारी कोण हे बघू लागली. "काका, आमचं येगळ्या बशीत द्या," असं हळूच म्हणू लागली. काका म्हणाले, "धरण बशीत मावत न्हाई." त्यांनी रोज सकाळी धरण रचायचं आणि संध्याकाळी ते तसंच आत न्यायचं, असे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत ते कुणावर ओरडले नाहीत, यावरून आम्ही घरचे काय ते समजलो.

नवव्या दिवशी आमच्या शाळेतले गणिताचे सर आले. बौद्ध वस्तीत राहायचे. त्यांच्या भावाचं घर दंगलीत जळालं होतं. येऊन सरळ परातीसमोर बसले. काका हॉटेलभर नजर फिरवून म्हणाले, "तिघं पायजेत." चहा पिणारे सगळे कपात बघू लागले. बायकांसाठी कोपऱ्यात पडदा लावलेलं एक टेबल होतं, तिथे मी यजमानांबरोबर बसले होते. मीही त्याच शाळेत शिकवायची, शिक्षकांच्या खोलीत सरांच्या शेजारच्याच खुर्चीवर रोज बसत असे. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. काकांनी पडद्याकडे एकदा पाहिलं.

मग त्यांनी स्वतः स्टूल ओढलं आणि सरांसमोर बसले. "फोडा, सर," म्हणाले.

चौघांचं ते धरण दोघं पाऊण तास खात होते. रबडी सगळी सरांच्या बाजूला गेली, तेव्हा काकांनी जिलबीनं वाट करून थोडी आपल्याकडे घेतली आणि सर हसले.

पुढं माणसं हळूहळू परत बसू लागली. मीही बसले. काकांनी त्या दिवसाबद्दल मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. उलट "सूनबाई, ह्या अंगानं फोडा, हिकडं काजू लय हायत," म्हणत राहिले. ते गेले तरी मला लाज वाटायची थांबलेली नाही. त्या पडद्यापासून परातीपर्यंत चार पावलंसुद्धा नव्हती.