दुप्पट मार

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आमचा मारामारीचा खेळ रंगतो. कागदावर आखलेला एक पूल, त्यावर प्रत्येकाचा एकेक गडी, आणि वार कुणाला लागला हे फासे ठरवतात. वहिनीचा गडी म्हणजे ब्लाउजचं लाल बटण. नियम साधा आहे: लाथ बसली की एक घर मागे सरायचं; जागा सोडायची नसेल तर मार दुप्पट. आम्ही सगळे सरतो. वहिनी सरत नाही.

“अगं, मागे हो, मरशील उगाच,” दादा म्हणाला. खेळ तोच चालवतो, पुलावर चाल करून येणारे शत्रूही त्याचेच.

“मरेन. पण इथेच.”

मी जन्मभर सरतच आलेय. बसच्या बाकावर, घरच्या वादात, ऑफिसच्या बैठकीत तर खुर्चीसकट. लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात. दुसराही पर्याय असतो हे कुणी सांगत नाही. या खेळाने निदान तो लिहून तरी ठेवलाय!

शेवटी वहिनीचा गडी मेला. दादा बटण उचलायला गेला, तर तिने त्यावर बोट ठेवलं. “पडलाय, हटलेला नाही. जायचं तर ओलांडून जा.”

पुढची लाथ मला बसली. दादाने न विचारताच माझी सोंगटी मागे सरकवली. मी ती पुन्हा जागेवर ठेवली.

“दुप्पट लाव.”