जिवावर येणं

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात आमच्या शेजारच्या सरकारी क्वार्टरमध्ये नागपूरकडचे एक सेक्शन ऑफिसर राहत. त्यांना सगळंच जिवावर यायचं: थंडीतली आंघोळ, रविवारची भाजी, अगदी समोरचा चहाचा कप उचलणंसुद्धा. पण करायचे सगळं, कुरकुरत आणि नीट.

एका सकाळी ते म्हणाले, "आज ऑफिस अगदी जिवावर आलंय." दिल्लीतच वाढलेल्या त्यांच्या छोट्या लेकीला ते हिंदीसारखं वाटलं, जान पे बन आई, म्हणजे जिवावरच बेतलंय. ती रडत आमच्याकडे धावली, "काकू, बाबांना काहीतरी होतंय!"

तेव्हापासून ते "आय ॲम रिलक्टंट" म्हणू लागले. मला ते मुळीच आवडलं नाही. रिलक्टंट माणूस फायलीवर सही करायची टाळतो. त्याच्या जिवावर काही येत नाही.

पुढे त्यांनी नोएडात फ्लॅट घेतला. सामानाचा ट्रक निघाला, तरी हे मात्र कुलूप हातात धरून रिकाम्या क्वार्टरच्या दारात उभेच.

"चलो ना, बाबा," आता कॉलेजात जाणारी लेक म्हणाली.

"थांब गं. जरा रिलक्टंट आहे मी."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "जिवावर येतंय ना?"

त्यांनी मान डोलावली. या वेळी ती कोणाला बोलवायला धावली नाही. त्यांच्याजवळ उभी राहिली.