मयेच्या वाटेवर दादाचा डावा पाय

कुडाळहून सकाळची गाडी पकडली आणि पेडणे, म्हापसा करत डिचोलीत उतरलो. आभाळ तोंड पाडून होतं. स्टँडवर माझा थोरला भाऊ, दादा, उभा होता. तो बरीच वर्षं इथे खनिजाचा ट्रक चालवतो आणि कारापूरला खोली घेऊन राहतो.

समोरच्या हॉटेलात त्याने पोयी (कोंड्याचा पाव) आणि अळसांद्यांची (चवळीची) पातळ भाजी मागवली. भाजी झकास होती, पण दादाने अर्धी टाकली.

मयेचं तळं बघायला रिक्षाने फाट्यापर्यंत गेलो, पुढे चालत. दादा दर थोड्या वेळाने थांबून काहीतरी दाखवायचा. खाणीने सोललेला तांबडा डोंगर, कुणाचं तरी कुळागर (नारळी-पोफळीची बाग), एकदा तर नुसता विजेचा खांब. गाईडचा धंदा कधी सुरू केलास, म्हणून मी त्याची खेचली. तळ्याचं पाणी करडं होतं. होड्या काठाला बांधलेल्या, आसपास चिटपाखरू नाही.

परतताना एका देवळाच्या सभामंडपात पायांच्या रक्तवाहिन्यांची मोफत तपासणी चालली होती. खुर्च्या बघून दादाच आत वळला. एका बाईंनी आमच्या दंडांना आणि घोट्यांना दाबाचे पट्टे बांधले आणि पेनासारखं यंत्र पावलावर टेकवलं. माझ्या दोन्ही पायांतून रक्ताचा सूं-सूं आवाज आला, दादाच्या उजव्यातूनही आला. डाव्यावर यंत्र बराच वेळ फिरलं. आवाज जेमतेम. अंगठ्याजवळ काळी जखम होती. चप्पल लागली, म्हणाला.

"चलताना पोटरी धरता आनी रावल्यार (थांबल्यावर) सुटता?" बाईंनी विचारलं.

"क्लचाचा दुखणा ता. आमच्या सगळ्या डायव्हरांचो डावो पाय असोच."

"काका, हें क्लचाचें न्हय. पायाक रगत पावना."

रक्ताची नळी बुजत आली होती. बिडी आजच बंद, आणि याच आठवड्यात मोठ्या इस्पितळात गेलं नाही तर पाय जाऊ शकतो, असं शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांनी समजावलं. तेव्हा मला तो विजेचा खांब आठवला. कळ ओसरेपर्यंत दादा मला गोवा दाखवत होता आणि मी दात काढत होतो. फार लाज वाटली.

दादा काही ऐकेना. "हंगाम सरांदे. पायाचा कळला तर मालक गाडयेवरसून उतरवतलो." वर कुडाळला घरी वहिनीला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. मी मान डोलावली आणि संध्याकाळच्या गाडीत बसलो. पत्रादेवीचा हद्दीवरचा नाका कधी गेला, कळलं नाही.

घरी वहिनीने गोव्याचं विचारलं. मी तळ्यापासून सुरुवात केली आणि शपथ मोडली.

"माका दिसला होता," ती म्हणाली. "चवथीच्या गणपतीक इले तेव्हा पाय खाटीखाली सोडून बसानच झोपले. माका वाटला, ट्रकातली सवय."

तिने लगेच दादाला फोन लावला. "उद्या येतंय. गाडी मालकाची, पाय आमचो."

एरवी दादा तिचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. त्या रात्री तो नुसता "ये" म्हणाला. मी खरा घाबरलो तो तेव्हा.