दहापर्यंत टेकलेलं बोट

फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या काचीगुड्यातल्या आमच्या ऑफिसच्या गच्चीवर होते. भर दुपार. नव्या डब्याच्या पत्र्यावर बोट टेकवून मोजत होते... चार, पाच, सहा. तेवढ्यात भीमरावकाकांच्या मुलाचा फोन. "ताई, बाबा गेले." मी बोट उचललं आणि मोजणी तिथंच राहिली.

याला पाच आठवडे झाले. रडून झालंय. आता मला त्यांच्याबद्दल छाती फुगवून सांगायचंय, कारण रडका लेख त्यांना मुळीच आवडला नसता.

काका माझ्या नात्यातले नव्हते. लहानपणी आईवडिलांबरोबर परभणीकडून हैदराबादेत आले, नल्लकुंट्यात राहिले आणि आमच्या छोट्या कंपनीत जन्मभर डबे जोडत आले. रेल्वे रुळाशेजारी उभे राहणारे इलेक्ट्रॉनिक्सचे बंद डबे आम्ही बनवतो. धूळ शिरू नये म्हणून पंखा नाही, जाळी नाही. आतली उष्णता पत्र्यातूनच बाहेर पडायची. काकांची पारख बोटाची होती. चालू डब्यावर बोट टेकवायचं आणि सावकाश दहापर्यंत मोजायचं. दहा झाले तर डबा पास. तीनलाच हात उचलावा लागला तर तो डबा गेटाबाहेर जायचा नाही. पदवी घेऊन नवी नवी आले तेव्हा मी यावर नाक मुरडलं होतं, हेही सांगून टाकते.

एका मे महिन्यात आमचे बरेच डबे जळून परत आले. गिऱ्हाइकानं आणखी एकच संधी दिली. मालकांनी ठरवलं, यापुढे डबा बनवण्याआधी तो संगणकावरच तापवून बघायचा. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकच घेता येणार होतं. निवड चुकली असती तर गिऱ्हाईक गेलं असतं आणि त्यापाठोपाठ माझी नोकरी. "आता तुमच्या बोटाला पेन्शन," असं म्हणून ऑफिसातले काकांना चिडवायचे, ते वेगळंच.

दोन कंपन्यांची माणसं आली. पहिल्या गृहस्थांच्या पडद्यावर लाल-निळे रंग असे वाहत होते की मालक खुर्चीच्या टोकावर येऊन बसले. "यहीच लेंगे!" दुसऱ्या कंपनीच्या बाईंचं चित्र फिकं, साधं. मीही रंगांवरच भाळले होते, खोटं कशाला बोलू?

काका मागं भाकरी खात बसले होते. "साहेब, साडी घेताव का? रंग काय बघता?" ते म्हणाले. "आपला जळका डबा द्या दोघांना. कुठं जळला ते सांगू नका. जो ओळखंल, त्याचं घ्या."

डबा जळला होता कोपऱ्यात, कपॅसिटर नावाच्या एका चिमुकल्या भागापाशी. सगळ्यात जास्त तापणारा भाग मात्र मधोमध, धडधाकट. मी ड्रॉइंग करून दोघांना दिलं. चार दिवसांनी दोघंही आले आणि दोघांनीही धोका मधोमध दाखवला. मालक भडकले. "काका, दोनों बेकार! ये कंप्यूटर का चक्करच नक्को."

काकांनी माझं ड्रॉइंग मागितलं. बराच वेळ बघत राहिले...

"पोरी, यात ऊन कुठंय?"

मे महिना, उघडा रूळ, गडद हिरवा डबा... आणि मी एसीत बसून तो खोलीतच आहे असं धरून मोकळी झाले होते! जळालेला कोपरा बरोबर पश्चिमेचा होता. "काका, नापास मी आहे," मी म्हणाले. "मग बस की पुन्हा परीक्षेला, कुणी अडवलंय?" ते हसले.

बसले. डब्याचं तोंड कुठं, रंग कोणता, ऊन किती वाजताचं, सगळं लिहून दिलं. रंगीत पडदेवाले गडबडले. त्यांचं सॉफ्टवेअर पंख्याच्या वाऱ्यात हुशार, पण बिनपंख्याच्या डब्यावर ऊन पडलं की अंदाजपंचे. बाई मात्र शांतपणे एकेक आकडा भरत गेल्या. त्यांच्या फिक्या चित्रात दुपारी चार वाजता एक कोपरा लाल झाला. नेमका तोच! "पकडलं!" म्हणत काकांनी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. तेच सॉफ्टवेअर आम्ही घेतलं. त्यावर पाहून पाहून डबा पांढरा केला आणि कपॅसिटर पूर्वेला हलवला.

पुढच्या मे महिन्यात पहिला नवा डबा गच्चीवर भर उन्हात चालू करून ठेवला. मालकांसकट अख्खं ऑफिस जमलं. काकांनी बोट टेकवलं. सातनंतर मला बघवेना, मी डोळे मिटले. "दहा!" ते एवढ्यानं ओरडले की खाली गल्लीतला रिक्षावाला वर बघू लागला. "पास झालीस गं पोरी!" डबा नव्हे, मी! तशा नव्या डब्यांतला एकही आजपर्यंत परत आलेला नाही.

निवृत्तीनंतरही ते दर गुरुवारी यायचे, माझ्या पडद्यासमोर बसायचे. "तुझं यंत्र आधी सांगतंय, माझं बोट मागून. भांडण कशाचं?" म्हणायचे. त्यांच्या बोटाला पेन्शन मिळाली नाही ती नाहीच.

फोन आला त्या दिवशी बंद करून ठेवलेला डबा गच्चीवर तसाच होता. इतके दिवस मी त्याला हात लावला नव्हता. सोमवारी दुपारी वर गेले, तो चालू केला, चांगला तापू दिला. बोट टेकवलं आणि एकपासून सुरुवात केली. त्या दिवशी सहालाच बोट उचललं होतं. या वेळी थांबले नाही. सात... आठ... नऊ...

"दहा!" मी काकांइतक्याच जोरानं ओरडले. खाली गल्लीत दोघंतिघं थांबून वर बघायला लागले.