बाबा गाळायचे तो भाग

आमच्या बाबांना जुन्या ब्रिटिश रहस्यपटांचं भारी वेड. पुण्यात असताना कॅसेट आणायचे. आईला ते उच्चार कळायचे नाहीत, म्हणून शेजारी बसून मराठीत सांगायचे. पण सांगायचे फक्त खुनाचं. नायक-नायिका हळू आवाजात बोलायला लागली, की "काही नाही गं, असंच," म्हणून मोकळे. अर्धा सिनेमा गाळलेला, तरी आई शेवटपर्यंत बसायची.

ती दोघं सिंगापूरला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा काचबिंदूने बाबांची नजर जवळजवळ गेली होती. दिसायच्या त्या नुसत्या सावल्या. डॉक्टर म्हणाले, कुणाचा तरी हात धरून रोज चाला. झालं! आयुष्यभर आईच्या चार पावलं पुढे चाललेला माणूस बुकित तिमाहच्या फुटपाथवर बायकोचा हात धरणार? लोक काय म्हणतील? इथे तुम्हाला ओळखतंय कोण, असं मी घसा फोडून सांगितलं. पण नाही म्हणजे नाही. माझाही हात नको. आल्यापासून ते आमच्या इमारतीच्या खाली उतरले नव्हते. खुर्चीत बसून दिवसेंदिवस कमी बोलायला लागले होते, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. मला दोघांचाही राग यायचा.

एका रविवारी दुपारी मी टीव्हीवर तसलाच एक सिनेमा लावला. धुकं, बंगला, चहातून विष. बाबांना नुसतं ऐकून सगळं समजत होतं. खुनी कोण, हेही त्यांनी निम्म्यातच ठरवून टाकलं. मग एक प्रसंग असा आला, की कुणी बोलेचना. नुसता पियानो.

"काय चाललंय?" बाबांनी विचारलं.

आता सांगायची पाळी आईची. "तो तिच्याकडे बघतोय."

"मग?"

"मग काही नाही. बघतोच आहे. तुम्ही कधी बघितलं नाहीत तसं."

मी गारच पडले. आई असं काही बोलेल, हे मला स्वप्नातही वाटलं नसतं.

बाबांनी तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "बघायचो. तुझं लक्ष नसायचं. आता तू समोर असलीस तरी दिसत नाहीस."

सिनेमा चालू असतानाच आई उठली, बाबांच्या चपला त्यांच्या पायाशी आणून ठेवल्या आणि हात पुढे केला. तो त्यांना दिसला नाही. मग तिनेच त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. लिफ्ट येईपर्यंत दोघं तशीच उभी होती, आणि मी दारात रडत होते.