दाजींचं बोट

आमचे दाजी बस चालवतात आणि चालवताना बडबडतात. डावा आरसा, मोकळा. उजवा आरसा, मोकळा. मागचं दार, बंद. एकेकाकडे बोट दाखवायचं, मोठ्यानं म्हणायचं, मगच ब्रेक सोडायचा. आगारात त्यांना रेडिओ म्हणतात. मी तर मेहुणी, थट्टेत मागे कशी राहीन? झोपेतही दारं तपासतात का गं, असं मी ताईला विचारायचे.

मग दाजींच्या घशातली गाठ काढली आणि डॉक्टरांनी त्यांच्या तोंडाला कुलूप लावलं. रजा संपली, कुलूप काही निघालं नाही. आगारातल्या साहेबांचं म्हणणं, हात-पाय-डोळे शाबूत आहेत, गाडी काढा. दाजींनी पाटीवर लिहिलं, 'न बोलता गाडी चालवणार नाही.' मग कायमचे टेबलाच्या कामावर बसा, साहेब म्हणाले. उभा जन्म स्टिअरिंगवर काढलेला माणूस टेबलावर! ताई रडकुंडीला आली. मला तर दाजींचा रागच आला. एवढा हट्ट कशासाठी?

वाट काढली ती त्यांच्या कंडक्टरबाईंनी. रेडिओ हे नाव त्यांनीच ठेवलेलं. इतकी वर्षं ऐकून सगळं तोंडपाठ झालंय, दादांनी बोट दाखवावं, मी बोलते, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी मान डोलावली, पण काही गडबड झाली तर टेबल ठरलेलं, हेही बजावलं.

सुरुवात झकास झाली. एके दिवशी मीही त्याच गाडीत होते. दवाखान्याच्या थांब्यावर बरीच माणसं उतरली. बाई तिकिटं देण्यात गुंतलेल्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "मागचं दार, बंद." उचलली जीभ लावली टाळ्याला.

दाजींचं बोट आरशाकडे गेलं आणि तिथेच थांबलं. दार उघडं होतं. एक आजोबा काठी सावरत उतरत होते, एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. झोप लागली का म्हणून लोक ओरडायला लागले, तरी गाडी हलली नाही.

आजोबा नीट उतरले. बाई पुढे आल्या, चेहरा पांढराफटक. चूक माझी आहे, साहेबांना मीच सांगते, म्हणाल्या. दाजींनी पाटी घेतली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'माझंही तोंड मला असंच फसवतं. म्हणून बोलण्याच्या जोडीला बोट. बोट गेलं की डोळ्याला जावंच लागतं.'

बाईंनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, गाडी हलली होती का? नाही, बाई म्हणाल्या. गाडी दाजींकडेच राहिली.

आता दाजींचा आवाज परत आलाय, जरा फाटका. पण दाराचं ते एकटे म्हणत नाहीत. मागून बाई दाराकडे बोट दाखवून "बंद" म्हणतात, दाजी आरशात बघून "बंद" म्हणतात, मग गाडी निघते. आगारात म्हणे आता दोन रेडिओ झाले.

मी अजूनही हसते. काल घराबाहेर पडताना मात्र माझंच बोट शेगडीकडे गेलं आणि मी मोठ्यानं म्हटलं, "गॅस, बंद."

चालू होता.